गाडीचं कूलंट कमी होतंय? हेड उतरवायच्या आधी एवढं बघून घ्या

कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) डब्यातली लेव्हल खाली गेली की आपल्याकडे दोनच गोष्टी होतात. एकतर आपण बाटलीतलं पाणी ओतून मोकळे होतो आणि पुढच्या महिन्यात परत ओततो, नाहीतर गॅरेजवाला बॉनेट उघडून दोन मिनिटं बघतो आणि म्हणतो, "साहेब, हेड गॅसकेट गेलंय, हेड उतरवावं लागेल." (हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, आणि गॅसकेट म्हणजे तो भाग खालच्या ब्लॉकवर बसतो तिथलं पातळ सील.) आमच्या जुन्या पेट्रोल हॅचबॅकला एका गॅरेजने हेच सांगितलं होतं, काहीही टेस्ट न करता. निघाला शेवटी वॉटर पंप, म्हणजे कूलंट फिरवणारा पंप. दोन्ही कामांच्या बिलात किती फरक असतो ते ज्याने हेडचं काम केलंय त्याला विचारा.

कूलंटची सिस्टिम सीलबंद असते, पेट्रोलसारखं ते जळून संपत नाही. वर्षभरात डब्यात थोडंसं कमी झालं तर चालतं, पण महिन्याला टॉपअप लागत असेल तर ते कुठेतरी जातंय हे नक्की. आणि जायला वाटा तीनच, बाहेर गळतंय, झाकणातून उडतंय किंवा इंजिनच्या आत जातंय. या तीन वाटा स्वस्तापासून महागापर्यंत एकेक करून तपासायच्या. बहुतेक काम घरी पार्किंगमध्येच होतं.

लागणारं सामान

टॉर्च, जुनं जाड फडकं, मोठा पुठ्ठा, पांढरे टिश्यू पेपर, मार्कर, खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तसला मापाचा कप, जुबली क्लिप (पाईपाच्या टोकाला आवळलेली पत्र्याची पट्टी) आवळायला स्क्रूड्रायव्हर, गाडीला चालणारं कूलंट आणि मोबाईल. मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा ऑनलाईन स्वस्तात मिळतो, जमलं तर घ्या, आत बघायला फार उपयोगी पडतो. कागदांपैकी ओनर्स मॅन्युअल (कूलंट कुठलं आणि किती किलोमीटरला बदलायचं ते त्यात असतं), आधीची सर्व्हिसिंगची बिलं, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी असेल तर तिचे कागद.

१) गाडी थंड होऊ द्या, म्हणजे खरंच थंड

गरम गाडीचं रेडिएटरचं झाकण उघडू नका. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दर उन्हाळ्यात कोणीतरी तोंड आणि हात भाजून घेतंच. कारण असं की अर्धं कूलंट अर्धं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ डिग्रीला उकळतं, पण झाकणाने आत दाब धरून ठेवल्यामुळे ते १२५ च्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब जातो आणि आतलं सगळं एकदम उकळून वर येतं. मागे सरकायलाही वेळ मिळत नाही.

म्हणून किमान दोन तास, आणि शक्यतो रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी बघा. वरचा जाड होज पाईप हाताने दाबून बघायचा, मऊ आणि गार लागला तरच पुढे जायचं. झाकणावर फडकं टाकून हळूहळू फिरवा. आणि एक, इंजिन बंद असलं तरी कित्येक गाड्यांचा रेडिएटर फॅन अचानक सुरू होतो, हात आणि ओढणी लांब.

२) तुमच्या गाडीत झाकण कुठे आहे ते बघा

जपानी आणि कोरियन धाटणीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये रेडिएटरवरच दाबाचं झाकण असतं आणि बाजूला पातळ प्लास्टिकचा साधा डबा असतो. कूलंट गरम होऊन फुगलं की डब्यात येतं, इंजिन गार झालं की रेडिएटर ते परत ओढून घेतो. युरोपियन धाटणीच्या गाड्यांमध्ये रेडिएटरवर झाकणच नसतं, जाड प्लास्टिकचा डबा असतो, आटे असलेलं झाकण असतं आणि दाब त्या डब्यातच असतो.

हे का सांगतोय, तर पहिल्या प्रकारात सगळ्यात जास्त लोक फसतात. डबा भरलेला दिसतो म्हणून निवांत असतात आणि रेडिएटर आतून अर्धा रिकामा असतो, कारण झाकण किंवा डब्याची बारीक नळी खराब असली की कूलंट डब्यात येतं पण परत जात नाही. अशा गाडीत थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून बघायचंच, कूलंट अगदी काठापर्यंत दिसलं पाहिजे.

३) खरंच कमी होतंय का आणि किती

सपाट जागेवर, इंजिन थंड, डब्यावर मिन आणि मॅक्सच्या खुणा असतात त्यांच्या मध्ये कुठेतरी लेव्हल आणा आणि तिथे मार्करने रेघ मारा. तारीख आणि किलोमीटर मोबाईलमध्ये लिहून ठेवा. मग दर आठवड्याला सकाळीच बघायचं, गरम इंजिनला लेव्हल वर दिसते आणि ती फसवी असते. टॉपअप करताना मापाच्या कपाने किती मिली टाकलं ते लिहा. "जरा जरा कमी होतंय" हे ऐकून मेकॅनिकला काही समजत नाही, "पाचशे किलोमीटरला दोनशे मिली, आणि हायवेला गेलं की जास्त" हे ऐकलं की त्याचं डोकं बरोबर दिशेने चालतं. नुसत्या हायवेवर किंवा घाट चढल्यावरच कमी होत असेल तर दाब वाढल्यावर जातंय, म्हणजे झाकण, होज किंवा गॅसकेट. उभ्या उभ्याच कमी होत असेल तर सरळ गळती.

दोन गोष्टींवरून उगाच घाबरायचं नाही. नुकतंच कूलंट बदललं असेल तर आत अडकलेली हवा बाहेर पडते आणि पहिल्या काही दिवसांत लेव्हल एकदा खाली जाते. आणि डबा गळ्यापर्यंत भरला असेल तर जास्तीचं फुगून बाहेर पडणारच, ती गळती धरायची नाही.

४) पुठ्ठा टाका

रात्री गाडी लावली की इंजिनखाली पुठ्ठा सरकवायचा, सकाळी डाग कुठे आहे ते बघायचं आणि पुठ्ठ्यावर पुढचं चाक कुठे होतं त्याचीही खूण करायची. एसीचं पाणी मात्र कूलंट समजू नका. ते साधारण डॅशबोर्डच्या खाली, बऱ्याचदा डाव्या बाजूला टपकतं, त्याला रंग नसतो, वास नसतो, बोटाला चिकटत नाही. कूलंट बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो आणि टिश्यूवर रंग उतरतो, हिरवा, गुलाबी, निळा, जे टाकलं असेल ते. चव घेऊन बघायची नाही. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, म्हणून सांडलेलं भरपूर पाणी टाकून धुवून काढा.

पुठ्ठा कोरडा निघाला म्हणजे गळती नाही असं मात्र नाही. बारीक गळती गरम इंजिनवर पडते आणि तिथल्या तिथे वाळून जाते, खाली थेंबही येत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

५) बॉनेटखाली वाळलेल्या खुणा शोधा

इथे घाई करू नका, निम्म्या केसेस इथेच सुटतात. ओलं शोधायचं नाही, वाळलेलं शोधायचं. कूलंट वाळलं की मागे पांढरट किंवा रंगीत पापुद्रा राहतो, मिठासारखा. गाडी धुवायच्या आधी बघा, सर्व्हिसिंगला इंजिनवर प्रेशरने पाणी मारलं की सगळे पुरावे गेले. टॉर्च तिरपी धरायची आणि जिथे डोकं जात नाही तिथे मोबाईल घालून फोटो काढायचे.

होज पाईपपासून सुरुवात करा. प्रत्येक टोकाला क्लिपच्या खाली बघा, पाईप पिळून बघा, भेगा पडल्यात का, फुगलाय का. आमच्याकडे पावसाळ्यात उंदरांचा उपद्रव इतका की दातांच्या खुणा पण शोधा, ते बारीक पाईप पहिले कुरतडतात. जुबली क्लिप सैल असेल तर आवळा, पण जोर लावून नको, प्लास्टिकची नळी आत तुटते आणि मग रेडिएटरच बदलायची वेळ.

मग रेडिएटर. हल्लीच्या रेडिएटरला मधली जाळी ॲल्युमिनियमची आणि दोन टोकांच्या टाक्या प्लास्टिकच्या असतात. दोन्ही जिथे दाबून जोडलेत त्या कडेला डाग येतात. जुन्या प्लास्टिकच्या टाकीला केसासारखी चीर जाते आणि ती गरम झाल्यावरच उघडते. कूलंटच्या डब्याच्या बुडाला आणि सांध्यालाही हीच तऱ्हा.

थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या व्हॉल्वचं) हाउसिंग, तेही बऱ्याच गाड्यांत प्लास्टिकचं असतं. त्याची रबरी रिंग कडक झाली की खालून ओघळ येतो.

बाहेरून बसवलेलं सीएनजी किट असेल तर तिकडे नक्की बघा. किटच्या रिड्यूसरला (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाला) गरम ठेवायला कूलंटच्याच पाईपमध्ये टी आकाराचा जोड टाकून लाईन काढलेली असते, म्हणजे तेवढे जास्तीचे जॉइंट आणि तेवढ्या जास्तीच्या क्लिपा. गॅरेजवाला कंपनीच्या पाईपांमध्ये शोधत बसतो आणि गळत असतं किटवाल्याने बसवलेल्या जॉइंटमधून.

आता वॉटर पंप. पंपाच्या बॉडीला खालच्या बाजूला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं, आतलं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये न जाता त्या भोकातून बाहेर यावं म्हणून. आमच्या गाडीत वरून बघितलं तर सगळं चकाचक कोरडं. बेल्टच्या मागून मोबाईल उलटा घालून फोटो काढला तेव्हा दिसलं, भोकापासून खाली बोटभर लांब गुलाबी रेघ, टोकाला कडक झालेला खडा, आणि त्याखालच्या ब्रॅकेटवर उडालेले बारीक ठिपके. बेल्ट फिरताना ते उडवत होता, म्हणून खाली डाग पडत नव्हता. पुलीला धरून हलवलं तर किंचित खडखड. इंजिन चालू असताना गुरगुर किंवा किरकिर येत असेल तर बेअरिंग पण गेलेलं असतं. तुमच्या इंजिनमध्ये पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर बेल्ट, टेन्शनर, पंप एकदमच बदलून घ्या, खोलायची मजुरी एकदाच पडते.

६) झाकण

सगळ्यात स्वस्त पार्ट आणि सगळ्यात शेवटी आठवणारा. झाकणाच्या आत दोन व्हॉल्व असतात, एक ठरलेल्या दाबाला उघडून कूलंट डब्यात सोडतो, दुसरा इंजिन गार होताना परत आत घेतो. झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो (काहींवर ८८ किंवा १०८, एकक वेगळं म्हणून), तो दाबाचा. रबराला चिरा, स्प्रिंग गंजलेली, सीटवर चिकट गाळ, असं काही दिसलं तर सरळ नवीन टाका, तोच आकडा बघून. जास्त आकड्याचं टाकलं तर जास्त चांगलं असं काही नसतं, उलट जुना रेडिएटर फुटतो.

गाडी गार झाल्यावर वरचा होज चपटा पडलेला दिसला तर परत आत घेणारा व्हॉल्व अडकलाय किंवा डब्याची नळी चोंदलीय. आणि चालवून आल्यावर डब्याच्या तोंडाशी कूलंट उडाल्याचे डाग असतील, बाकी सगळं कोरडं असेल, तर आधी झाकणच बदलून बघा. काही केसेस तेवढ्यावर मिटतात.

७) प्रेशर टेस्ट

इथून पुढे गॅरेज लागतं. हातपंप आणि गेज असलेलं किट झाकणाच्या जागी बसवतात, झाकणावरच्या आकड्याएवढा दाब भरतात आणि दहा-पंधरा मिनिटं काटा बघतात. काटा खाली आला तर गळती आहे, मग टॉर्च घेऊन कुठून येतंय ते शोधायचं. आकड्याच्या वर दाब भरू देऊ नका.

ही टेस्ट थंड गाडीवर पण करायला लावा आणि कोमट झाल्यावर पण. काही गळत्या इंजिन थंड असतानाच होतात, रबर आकसतं म्हणून, काही गरम झाल्यावरच. झाकण तपासायचं अडॅप्टर पण त्याच किटमध्ये बहुतेक असतं, विचारा. तरीही सापडलं नाही तर चमकणारा डाय कूलंटमध्ये टाकून चार दिवस गाडी चालवायची आणि मग यूव्ही टॉर्चने बघायचं, जिथून निघतंय तिथे पोपटी उजेड पडतो.

किट नाहीये, "आपल्याला अनुभव आहे, लागत नाही" असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून दुसरं गॅरेज शोधा.

८) बाहेर काहीच नाही, मग आत

आधी केबिन बघा. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळाला की पायाखालचं कार्पेट ओलं आणि चिकट, काचेवर आतून तेलकट वाफ, ब्लोअर लावला की गोडसर वास. मॅट उचलून टिश्यू दाबून बघा, रंग आला तर शोध संपला. रंग नाही आला तर एसीची ड्रेन नळी तुंबली असेल.

आता हेड गॅसकेट. शंका कधी घ्यायची: थंड गाडी सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा कडक होतो, रेडिएटरचं झाकण इंजिन थंड असतानाच काढून गाडी सुरू केली तर सतत बुडबुडे येतात, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर चालूच राहतो, सकाळी स्टार्ट करताना एक सिलिंडर मिस होतो. सकाळचा थोडा पांढरा धूर ही नुसती वाफ असते, तो धरायचा नाही. ऑईलच्या झाकणाखाली पांढरट मलई दिसली म्हणून लगेच घाबरू नका, पावसाळ्यात गाडी रोज दोन-दोन किलोमीटरच चालली तरी दमटपणाने तशी मलई जमते. डिपस्टिकवरचं ऑईलच दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी सुरूच करायची नाही, टोचन करून न्यायची.

खात्री करायला निळ्या लिक्विडची टेस्ट असते. रेडिएटरच्या तोंडावर नळी लावून चालू इंजिनमधली वरची हवा त्या लिक्विडमधून ओढतात. जळलेला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर निळ्याचं पिवळं होतं. त्याशिवाय स्पार्क प्लग काढून बघा, एकच प्लग बाकीच्यांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये कूलंट जातंय, एंडोस्कोप घालून पिस्टनही बघता येतो. एवढं सगळं झाल्यावर हेड उतरवायला हो म्हणा, त्याआधी नाही.

डिझेलवाल्यांनी ईजीआर कूलर (इंजिनमध्ये परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणारा भाग) विसरू नका. तो आतून फुटला की कूलंट हवेबरोबर जळून जातं, बाहेर टिपूस नाही, धूर पांढरा, सगळी लक्षणं गॅसकेटची. कूलर काढून त्याची वेगळी प्रेशर टेस्ट होते. आणि कूलंटमध्ये तेलाचा तवंग दिसला तर ऑईल कूलर, ऑटोमॅटिक गाडीत गिअरबॉक्सचा कूलर, हे पण यादीत घ्या.

९) वाटेत काटा वर गेला तर

मे महिन्यात बोरघाटात कडेला बॉनेट उघडून उभ्या गाड्या बघितल्यात ना, त्यातलं अर्धं नुकसान थांबायला उशीर केल्यामुळे झालेलं असतं. एसी बंद, हीटर फुल गरम आणि फुल ब्लोअर, काचा खाली. सुरक्षित जागा दिसली की लगेच थांबा, इंजिन बंद. हीटर लावला आणि गार हवा आली तर समजा कूलंट फारच कमी आहे. कूलंट पूर्ण गेलं की सेन्सर नुसत्या हवेत लटकतो आणि काटा नॉर्मलच दाखवू शकतो, त्यामुळे काट्यावर भरवसा ठेवून "अजून दहा किलोमीटर तर आहे" करू नका. नवीन बऱ्याच गाड्यांत तर काटाच नसतो, लाल दिवा लागतो तोच.

तापलेल्या इंजिनमध्ये गार पाणी ओतलं की हेडला तडा जाऊ शकतो. किमान दोन तास थांबा, वरचा होज गार लागला की मग झाकण, मग हळूहळू पाणी. रेडिएटरमध्ये हळद टाकायचा उपाय घाटात कोणीतरी सांगेलच. बारीक गळती त्याने थोडा वेळ थांबतेही, गावापर्यंत पोचायला ठीक. नंतर सगळं फ्लश करायचं, नाहीतर तीच हळद हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. दुकानातल्या लीक थांबवणाऱ्या बाटल्यांबद्दलही माझं हेच मत आहे. आणि इंजिन गरम होऊन बसलं तर साध्या इन्शुरन्समध्ये असला यांत्रिक बिघाड सहसा येत नाही, हे पण डोक्यात असू द्या.

१०) परत भरताना

रंग बघून कूलंट घेऊ नका, रंगाचा काही नियम नाही, प्रत्येक कंपनी आपला रंग घालते. मॅन्युअलमध्ये लिहिलेला प्रकार बघा. बाटलीवर रेडी मिक्स लिहिलंय की कॉन्सन्ट्रेट ते वाचा, रेडी मिक्समध्ये पाणी टाकायचं नाही, कॉन्सन्ट्रेटमध्ये बहुतेक निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतो. वाटेत साधं पाणी टाकावं लागलं असेल तर नंतर पूर्ण बदला.

भरल्यावर हवा काढायची. हीटर गरमवर, ब्लीड स्क्रू असेल तर उघडा, गाडीचं तोंड जरा चढावर, रेडिएटर फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालू. हवा राहिली तर गाडी विनाकारण गरम होते आणि मग थर्मोस्टॅटवर आळ येतो. "थर्मोस्टॅट काढून टाकतो, गाडी गार राहील" असं कोणी म्हणालं तर नाही म्हणा. इंजिन मग नीट तापतच नाही, पेट्रोल जास्त खातं आणि मूळ गळती आहे तिथेच राहते.

११) गॅरेजमध्ये काय बोलायचं

तुमची नोंद, फोटो आणि बिलं दाखवा. आधी फक्त तपासायचे पैसे किती ते विचारा, दुरुस्तीचा अंदाज वेगळा लिहून घ्या. प्रेशर टेस्टचा काटा दोन्ही वेळा मोबाईलवर टिपून घ्या. हेडचं काम निघालंच तर हेडचा बेंड (किती वाकलंय ते) लेथवाल्याकडे मोजून घेणार का, फेसिंग (घासून सपाट) करणार का, हेड बोल्ट नवीन टाकणार का, हे आधीच विचारा. जुने पार्ट परत मागा. काम झाल्यावर डब्यावर परत रेघ मारा आणि निदान महिनाभर दर आठवड्याला सकाळी बघा, त्यात एकदा तरी गाडी घाटात नाहीतर हायवेवर तासभर चाललेली असू द्या.